नोंद नसलेल्या दोन रात्री : तापीकाठच्या एका पारधी वस्तीचं प्रकरण

तापीकाठच्या एका तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात, डिसेंबरच्या एका पंधरवड्यात सहा-सात विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला गेली. केबलचोरीचं दुखणं ज्याची केळी विहिरीच्या पाण्यावर आहे त्यालाच विचारावं. स्टार्टरपासून विहिरीत मोटारीपर्यंत गेलेली तांब्याची वायर रात्रीतून कापतात, एखाद्या नाल्यात वरचं रबर जाळतात आणि तांबं किलोवर भंगारात घालतात. चोराच्या पदरात पडतं ते थोडं. शेतकऱ्याला मात्र नवी केबल घ्यावी लागते, वायरमनच्या मागे फिरावं लागतं आणि तोवर बाग कोरडी. गावात राग होता आणि तो खरा होता. लोक पोलीस ठाण्यावर गेले, कोणीतरी पुढाऱ्याला फोन लावला, आणि त्याच आठवड्यात शनिवारी पहाटे चारच्या सुमारास दोन गाड्या गावाबाहेरच्या पारधी वस्तीत शिरल्या.

हे गाव नकाशावर शोधू नका. खान्देशातल्या पारधी वस्त्यांमधून माझ्यासारख्या विधी स्वयंसेवकांपुढे ज्या तक्रारी फिरून फिरून येतात, त्यांचे दुवे जोडून हे एक प्रकरण उभं केलं आहे. माणसं, गाव, ठाणं यांपैकी कोणाचंही नाव दिलेलं नाही. कायद्याची कलमं, निकाल आणि त्यांची वर्षं मात्र खरी आहेत.

पहाट

वस्तीत चौदा घरं. काही पत्र्याची, काही अजून पालंच. बाया-माणसं कापूस वेचायला जातात, पुरुष केळीच्या गाड्या भरतात, दिवाळी झाली की दोन-तीन कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. एका घरातला थोरला भाऊ गावातल्याच एका शेतकऱ्याच्या बागेवर रात्रीची राखण करतो. ही गोष्ट लक्षात असू द्या.

त्या पहाटे पाच जणांना गाडीत घातलं. थोरला, त्याचा धाकटा भाऊ, एक चुलतभाऊ आणि शेजारच्या घरांतले दोघे. घरं उलटीपालटी केली. सोबत नेलं ते असं: दोन दुचाकी, चार मोबाइल, एक पक्कड आणि क्लच-वायरचं एक जुनं भेंडोळं. म्हाताऱ्या बापाने विचारलं, ‘साहेब, गुन्हा काय आमचा?’ उत्तर मिळालं, ‘चौकशी आहे, सकाळी सोडतो.’ कागद एकही दिला नाही. नेणाऱ्यांपैकी दोघे साध्या वेशात होते, छातीवर नावाची पट्टी नव्हती.

‘चौकशीला नेलं’ असा प्रकार कायद्यात नाही. पोलिसांना माणूस हवा असेल तर वाटा ठरलेल्या आहेत. साक्षीदार म्हणून हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी बोलावणं लागतं (वेगळ्या कायद्याचं नाव नसेल तिथे पुढची कलमंही याच सुरक्षा संहितेची). त्यातही बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीपुढचा म्हातारा, अपंग किंवा खूप आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचं. संशयित म्हणून हवा असेल आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस. अटकच करायची तर कारणं, पंचनाम्यासारखा अटकेचा कागद, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, सगळं आलं. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, अटक का हवी ते लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ सालीच बजावलं आहे. म्हणजे इथे नोटीस हा नेहमीचा रस्ता होता आणि पहाटेची गाडी हा अपवाद. वस्तीच्या आजवरच्या अनुभवात नेमकं उलटं आहे.

झडतीचंही तसंच. वॉरंट नसेल तर झडती का घेतोय ते अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायचं (कलम १८५), त्याच परिसरातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ पंच घ्यायचे, मिळालेल्या वस्तूंची यादी करून घरच्यांना प्रत द्यायची (कलम १०३). १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणंही बंधनकारक झालं आहे (कलम १०५). इथे चित्रीकरण झालं, पण ते वस्तीतल्या एका पोराने पाण्याच्या टाकीआडून केलं. एका मिनिटाच्या आत मोबाइल हिसकावला गेला. तेवढ्यात त्याने ते दोन जणांना पाठवून दिलं होतं.

हीच वस्ती का?

गावात भंगार घेणारे आहेत. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर फिरवणारे आहेत. मोटारी दुरुस्त करणारे आहेत, त्यांना तर कोणत्या विहिरीवर कितवी केबल आहे हे तोंडपाठ. त्यांच्यापैकी एकाचंही दार वाजलं नाही.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही आला. पारध्यांसारख्या जमातींत जन्मला म्हणूनच माणूस गुन्हेगार ठरवायचा, त्याने पाटलाकडे किंवा चौकीत हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, ती ‘सेटलमेंट’ म्हणून अजून लोकांच्या तोंडी आहे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. हा कायदा जातीवर नाही, माणसाच्या गुन्ह्यांवर बेतलेला आहे. कागदावर फरक मोठा आहे. तरी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला असे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा असंच सुचवलं, कारण जुना शिक्का नव्या रजिस्टरात उतरतो हे तिला दिसत होतं.

खान्देशाला हा खेळ आणखी जुना आहे. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती याच विचाराने: ज्यांचा संशय घ्यायचा त्यांच्याच हाती बंदोबस्त द्यायचा. आजही गावं पारध्याला बागेची राखण देतात आणि चोरी झाली की पहिलं नाव त्याचंच घेतात. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने.

संशय फक्त पोलिसांच्या मनात असतो असं समजणं सोयीचं आहे, पण खरं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्या दिवशी हात गावकऱ्यांचे होते. आमच्या प्रकरणात सरपंचाला विचारलं तेव्हा तो अहिराणीत एवढंच म्हणाला, ‘त्यासनं काम शे ते, आपले काय करनं शे?’ (त्यांचं काम आहे ते, आपल्याला काय करायचंय?) नंतर एका हवालदाराने त्याहून मोकळेपणाने सांगितलं, ‘वस्तीवर गेलो की गाव गप्प बसतं.’ माझ्या मते त्या पहाटेच्या छाप्याचं यापेक्षा प्रामाणिक कारण कोणत्याही डायरीत मिळणार नाही. तांबं शोधायला गाड्या गेल्याच नव्हत्या.

घड्याळ कोणाचं?

राज्यघटनेचं कलम २२(२) सांगतं की अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. संहितेचं कलम ५८ तेच म्हणतं. हा नियम आता वस्तीत पोरालाही माहीत असतो. अडचण वेगळीच आहे. चोवीस तास मोजायचे कधीपासून? ते स्टेशन डायरी ठरवते आणि डायरी पोलिसांच्या हातात. माणूस शनिवारी उचलायचा, अटक सोमवारी दाखवायची आणि मंगळवारी न्यायालयात न्यायचा. कागदावर सगळं नियमात बसतं. मधल्या दोन रात्री कोणाच्याच हिशोबात नसतात, आणि जे काही व्हायचं ते त्याच रात्रींत होतं.

म्हणून अशा प्रकरणात पहिलं काम वकील शोधणं नव्हे. पहिलं काम म्हणजे ठाण्याबाहेर, पोलिसांना पुसता येणार नाही अशी वेळेची नोंद तयार करणं. इथे ते धाकट्याच्या बायकोने केलं. बारावी झालेली पोरगी, बचत गटाचा हिशोब लिहिते. गाड्या वळल्या त्याच मिनिटाला तिने शेजारणीच्या लपवलेल्या मोबाइलवरून ११२ ला फोन लावला. ‘माझ्या नवऱ्याला आणि चार जणांना पोलीस घेऊन गेले, कुठे नेलं ते सांगितलं नाही,’ एवढंच बोलली. समोरून मदत काहीच आली नाही. पण कॉलची वेळ पडली: पहाटे ४.२६. मग बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर तिने गाडीच्या नंबरातले आठवतील ते आकडे, पाच नावं, अंगावरचे कपडे आणि नेलेल्या वस्तू लिहून काढल्या. पक्कडीच्या मुठीला निळी टेप गुंडाळलेली आहे, हेही लिहिलं.

सकाळी थोरला ज्याच्या बागेवर राखण करतो तो शेतकरी स्वतः वस्तीवर आला. रात्रपाळीचा माणूस नाही, मोटार तशीच चालू राहिली म्हणून चिडून आला होता. त्यानेच मला फोन केला. ‘ताई, माझा माणूस रात्री अडीचपर्यंत माझ्या बांधावर होता, मी चहा पाजलाय त्याला.’ शेवटची केबल नेमकी त्याच रात्री, तिथून सात किलोमीटरवर कापली गेली होती.

ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, असं कोणी इथे आणलेलंच नाही. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटकेतल्यांची नावं लोकांना दिसतील अशी लावायची असतात आणि ती माहिती सांभाळायला सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालचा नसलेला एक अधिकारी नेमायचा असतो. फळा होता. त्यावर मागच्या महिन्यातली दोन नावं होती. म्हाताऱ्याने मागच्या खोलीतून थोरल्याचा खोकला ओळखला. त्याने तसं म्हटल्यावर आम्हाला बाहेर काढलं.

दुपारी दोनच्या आत पोलीस अधीक्षकांना ई-मेल गेला, त्याचीच प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि राज्य मानवी हक्क आयोगाला. मजकूर चार ओळींचा: कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेलं, अजून कागद नाही, ठाणं नाकारतंय. रागाचे शब्द एकही नाहीत. याबद्दल वस्तीत वाद झाला. दोघा-तिघांचं म्हणणं होतं, ठाण्यावर बायका घेऊन जाऊ आणि बसू. बसण्याला माझा विरोध नव्हता. पण गर्दीत एखाद्या शिपायाच्या बाहीला हात लागला की सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा, आताचं न्याय संहितेचं कलम १३२, लागतो आणि मग मूळ प्रकरण बाजूला पडून त्याच बायका आरोपी होतात. शेवटी चार म्हाताऱ्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसल्या, काही न बोलता. ते पुरलं.

वकील प्राधिकरणाकडूनच मिळाले. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. अनुसूचित जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. १५१०० हा फोन त्यासाठीच आहे. मात्र वस्तीतल्या निम्म्या घरांकडे जातीचा दाखला नव्हता. बाई आणि कोठडीतला माणूस या कारणांवर काम निभावलं. दाखला नसल्याचा फटका पुढे बसला, तो येईलच.

वकिलांनी रविवारी दोन मसुदे तयार केले. एक, कलम १०० खाली, बेकायदा डांबलेल्या माणसांच्या शोधासाठी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे. दुसरा, बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं मागणारा, उच्च न्यायालयासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. अजिंठ्याचा घाट चढून जायचं आणि तिथे वकील उभा करायचा, हे मजुरी करणाऱ्या घराला जमण्यासारखं नसतं, म्हणून पहिला अर्ज महत्त्वाचा. पहिल्या अर्जाची प्रत वकिलांनी ठाण्याच्या मोबाइलवर पाठवली. संध्याकाळी तिघे घरी आले: धाकटा आणि शेजारचे दोघे. त्यांना सांगितलं होतं, उद्या तहसीलला या, एक सही करायची आहे, मग मिटलं. थोरला आणि चुलतभाऊ आतच राहिले.

सोमवार

दोघांची अटक सोमवारी सकाळी ९.४० ला दाखवली. ठिकाण लिहिलं होतं बसस्थानकामागे, ‘संशयास्पदरीत्या फिरताना मिळून आले.’

या वाक्यामागे महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ आहे. त्याच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान चोर म्हणून ख्याती असलेला माणूस रस्त्यावर रेंगाळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तो गुन्हा ठरतो. घरफोडीचं हत्यार जवळ असलं तरीही. कलम १२४ म्हणतं, जवळच्या मालाचा समाधानकारक हिशोब देता आला नाही तर तोही गुन्हा. पक्कड आणि बिल नसलेली दुचाकी त्यासाठी नेल्या होत्या. खान्देशात असं कोणतं शेतकऱ्याचं घर आहे जिथे पक्कड नाही?

न्यायालयात पोलिसांनी पाच दिवसांची कोठडी मागितली. वकिलांनी ११२ च्या कॉलची वेळ, ई-मेल, पोराचं चित्रीकरण आणि वहीच्या पानाची प्रत पुढे ठेवली. वहीतल्या यादीत ‘पक्कड, मुठीला निळी टेप’ असं शनिवारीच लिहिलेलं होतं, आणि सोमवारच्या पंचनाम्यात बसस्थानकामागे जप्त केलेली पक्कडही निळ्या टेपचीच होती. तपासी अंमलदाराकडे याला उत्तर नव्हतं. अटकेची कारणं लेखी दिली का, हा दुसरा प्रश्न. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, ती रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी त्याच्या हाती पडली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. इथे छापील कागदावर दोघांचे अंगठे होते. चुलतभाऊ सही करतो.

मग दंडाधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? ठाण्यातल्या त्या दोन रात्री आरोपी ज्याच्या ताब्यात होता तोच हवालदार त्याच्या मागे हातभर अंतरावर उभा असतो. या प्रश्नाला शंभरातले बहुतेक ‘नाही’ म्हणतात, आणि ते ‘नाही’ पुढे कायमचं चिकटतं. वकिलांनी आधी दोघांना बाजूला घेऊन विचारलं होतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण तो न्यायालयाच्या व्हरांड्यातच वापरायला मिळतो हे वास्तव आहे. थोरल्याने धोतर वर करून पोटऱ्या दाखवल्या. दंडाधिकाऱ्यांनी पाहिलं तसं लिहून घेतलं, सरकारी डॉक्टरांकडे पुन्हा तपासणीचा आदेश दिला आणि पोलीस कोठडी नाकारली. जामीन बुधवारी झाला.

थोरल्याने आत ‘हो, मीच केली’ असं म्हटलं होतं. त्याची त्याला फार भीती होती. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (भारतीय साक्ष अधिनियम, कलम २३). त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग वापरता येतो. इथे काहीच सापडलं नाही. कबुली काढायला मारहाण करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२०, सात वर्षांपर्यंतचा. पोलिसांना द्यायच्या जबाबावर सही करायची नसते, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नाव आणि पत्ता मात्र विचारला की सांगायचाच. अदखलपात्र गुन्ह्यातसुद्धा तो नाकारला तर त्यावरूनच अटक करता येते (कलम ३९). गप्प राहण्याचा हक्क त्याच्या पुढचा आहे.

सही करून मिटलं

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा खरा गाभा ठाण्यात नाही, तहसील कचेरीत आहे. मारहाण दिसते, तिच्याबद्दल लोक बोलतात. चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेण्याची कार्यवाही, दिसत नाही.

सोमवारी सकाळी शेजारचे दोघे सांगितल्याप्रमाणे तहसीलला गेले आणि सही करून आले. त्यांना वाटलं सुटलो. त्यांनी सही केली होती कलम १२९ च्या बंधपत्रावर: आपण सराईत आहोत असा आरोप असताना, चांगल्या वर्तणुकीची हमी, जामीनदारासह, तीन वर्षांसाठी. जामीनदाराला सातबारा लागतो. वस्तीत एकाच्याही नावावर जमीन नाही. मग जामीनदार कोण झाला? ऊसतोडीचा मुकादम. त्याने सातबारा लावला आणि दोघांना पुढच्या हंगामात कोणत्या टोळीत जायचं ते त्याच दिवशी ठरलं. उचल किती मिळणार हेही त्यानेच ठरवलं. पोलिसांचा संशय मजुरीच्या बाजारात असा वटतो, आणि याचा हिशोब कुठल्याही गुन्ह्यांच्या आकडेवारीत येत नाही.

धाकटा सही करायला गेला नाही. बायकोने जाऊ दिलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं, वाचल्याशिवाय नाही. चार दिवसांनी त्याला नोटीस आली. कलम १३० प्रमाणे नोटिशीत मिळालेल्या माहितीचा गोषवारा, बंधपत्राची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती हे लिहावं लागतं. तिघांच्याही नोटिशींत मजकूर शब्दन्‌शब्द एकच होता, फक्त नाव बदललेलं. धाकट्यावर आजवर एकही गुन्हा नव्हता. सराईत म्हणून आधार काय, तर थोरल्यावर पूर्वी दाखल झालेली आणि निर्दोष सुटलेली एक केस. भावाची केस भावावर.

या कार्यवाहीत माणूस सराईत आहे हे नुसत्या लोकांमधल्या ख्यातीवरून सिद्ध करता येतं, कलम १३५(४) तसं म्हणतं. साध्या माणसाला ही तरतूद निरुपद्रवी वाटेल. ज्याच्या जातीचीच ख्याती गावाने ठरवून ठेवली आहे त्याला ती जन्मठेपेसारखी आहे. पोलिसांनी दोन साक्षीदार आणले. पोलीस पाटलाने सांगितलं, हे घर चोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. उलटतपासणीत वकिलांनी एवढंच विचारलं की स्वतःच्या मक्याला गेल्या वर्षी राखण कोणाची होती. तो गप्प राहिला, मग म्हणाला, थोरल्याची. दुसऱ्या साक्षीदाराने पारधी वस्तीत कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. प्रांताधिकाऱ्यांनी धाकट्याला कलम १३७ खाली मुक्त केलं. ही चौकशी सहा महिन्यांत संपवावी लागते, नाहीतर, दंडाधिकाऱ्याने खास कारणं लिहून मुदत वाढवली नसेल तर, ती आपोआप संपते, हे नोटीस आलेल्या माणसाला क्वचितच ठाऊक असतं. दर तारखेला मजुरी बुडवून खेपा घालायला नको म्हणून तो दुसऱ्याच तारखेला सही करून मोकळा होतो.

ज्यांनी सही केली त्यांच्या नावावर आता एक प्रतिबंधक कारवाई जमा आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हाच आधार दाखवला जाईल. बंधपत्र मोडल्याचा ठपका आला तर रक्कम भरायची, आणि वरून तडीपारीच्या प्रस्तावात हाच कागद लागतो. ठाण्यातल्या दोन रात्रींपेक्षा ही एक सही महाग पडते, आणि तिथे मारायला कोणी लागत नाही. कोणी आरडाओरडाही करत नाही.

जे अजून सुटलेलं नाही

केबल कोणी चोरली हे कळलं नाही. पोलिसांनी थोरला आणि चुलतभाऊ यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा कलम १८९ चा अहवाल दिला आणि गुन्हा ‘अ’ समरीत गेला, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ज्या शेतकऱ्यांनी मोर्चा नेला त्यांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मी गावात विचारते तेव्हा लोक विषय बदलतात. भंगाराच्या दुकानांच्या खरेदीवह्या एकदाही तपासल्या गेल्या नाहीत.

हिस्ट्रीशीटचा, म्हणजे ठाण्यात संशयितांवर नजर ठेवायला ठेवलेल्या नोंदीचा, प्रश्न लांबणार आहे. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपणहून विषय वाढवून सगळ्या राज्यांना बजावलं की मागास समाजातले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक म्हणून कोणाची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यंत्रवत चढवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगांच्या नियमावलीतल्या जातीच्या तरतुदी रद्द करतानाच विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका, असं पोलिसांना सांगितलं. हे दोन्ही निकाल आम्ही अर्जाला जोडले. थोरल्याच्या नावाचं हिस्ट्रीशीट आहे का, असेल तर कोणत्या आधारावर, हे माहिती अधिकारात विचारलं. जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर अठ्ठेचाळीस तासांत द्यायचं असतं. उत्तर आलं ते तिसाव्या दिवशी: माहिती गोपनीय. प्रथम अपील केलं आहे.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवा, असा अर्ज आम्ही त्याच सोमवारी दिला होता. परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रीकरण किमान एक वर्ष जपणं सांगितलं आहे. लेखी कळवण्यात आलं की शनिवार-रविवारी यंत्रणा बंद होती. बंद होती याची नोंद कुठे आहे, हे आता विचारलं आहे. पोराचा मोबाइल हिसकावल्याची तक्रार वेगळी दिली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाणंसुद्धा गोपनीयता कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही असं म्हटलं, मग स्वतःच्या अंगणातलं चित्रीकरण कोणत्या कलमाने गुन्हा होतं?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही तक्रार करायची होती. अनुसूचित जमातीच्या माणसावर खोटी, त्रास देण्यासाठीची कार्यवाही करणं हा १९८९ च्या त्या कायद्याच्या कलम ३(१)(पी) खाली गुन्हा आहे. इथे दाखल्याचा फटका बसला. थोरल्याकडे जातीचा दाखला नाही. बाप-आजोबांचा शाळेचा दाखला किंवा १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात, आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्या सरकारी दप्तरांत त्याच्या आजोबांची जात खरोखर लिहिलेली असण्याची शक्यता आहे ती म्हणजे जुन्या हजेरीची रजिस्टरं. वकील आता त्यांची नक्कल मिळते का ते पाहताहेत.

दुचाकींपैकी एक परत मिळाली. जप्त वाहन ठाण्याच्या आवारात सडवू नका हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलेलं आहे, त्यावर अर्ज केला आणि दंडाधिकाऱ्यांनी सोडली. दुसरी अडकली आहे, कारण ती हात बदलत तिसऱ्या माणसाकडे आलेली आणि आरसी अजून धुळ्याच्या पहिल्या मालकाच्या नावावर. तो मालक सापडला, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या द्यायला तयार आहे, पण जळगावला यायचं भाडं आधी द्या म्हणतो. वस्तीतल्या इतर सगळ्या गाड्यांचे कागद बचत गटाने यादी करून तपासायला घेतले आहेत. पाच गाड्यांची आरसी दुसऱ्याच्याच नावावर निघाली.